मधुमेह, पथ्य आणि स्वयंपाक न येणारा माणूस

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान वक्ते बोलून गेले. आम्ही विद्वान नाही आणि डॉक्टर तर मुळीच नाही. आम्ही तिघे सेवानिवृत्त माणसे आहोत. एक साताऱ्याचे, एक कराडचे आणि एक सांगलीचे. तिघांनाही मधुमेह आहे आणि परवापरवापर्यंत तिघांनाही चहाखेरीज काही करता येत नव्हते. एवढ्याच पात्रतेवर मंडळाने आम्हाला बोलावले आहे. बोलायला एकजण उभा असला तरी बोलणे तिघांचे आहे, म्हणून ‘आम्ही’ असेच म्हणतो.

हा विषय या व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. आपण साताऱ्याच्या भूमीवर आहोत. बाबासाहेबांचे बालपण याच गावात गेले. माता भीमाईंची समाधी इथेच आहे आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ भीमरावाचे नाव इथल्याच शाळेत घातले गेले. हे आपण दरवर्षी सांगतो. परंतु आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण क्वचितच बोलतो. पायांच्या वेदना, अधू होत गेलेली नजर आणि झोप नसलेल्या रात्री यांना तोंड देत त्यांनी संविधान, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणि १९५६ चे धर्मांतर ही कामे तडीस नेली. १९४८ साली त्यांचा विवाह झाला तो डॉक्टर असलेल्या माईसाहेबांशी. पथ्यपाणी आणि औषधे त्या पाहत असत. पण ज्याच्या घरी पथ्य पाहणारे कोणीच नाही, त्याने काय करावे? हाच आमचा आजचा विषय आहे.

आमची स्थिती सांगतो. आमच्यापैकी दोघांच्या पत्नी निवर्तल्या, तिसऱ्यांच्या पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहेत. मुले पुण्या-मुंबईला. चाळीस वर्षे ताट पुढे आले आणि आम्ही जेवलो. मीठ कोणत्या डब्यात असते हेदेखील ठाऊक नव्हते. यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही, समतेच्या गोष्टी करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर नाहीच. ताट वाढणारे हात गेल्यावर आमचे जेवण असे झाले : सकाळी कोपऱ्यावरचे पोहे, दिवसभरात चार कप गोड चहा आणि त्यासोबत सातआठ बिस्किटे, दुपारी खाणावळीचा डबा, त्यात दोन मोठ्या भाकऱ्या किंवा चपात्या, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी, रात्री त्यातलेच उरलेले नाहीतर भडंग. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी असते. तीत ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेह समजतात. आमचे आकडे नऊच्या वर गेले होते. डॉक्टर म्हणाले, ‘भात-भाकरी कमी करा.’ आम्ही मान हलवली. भाकरी कमी करून त्या जागी खायचे काय, आणि ते शिजवायचे कोणी, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मित्रहो, रक्तातली साखर केवळ साखरेच्या डब्यातून येत नाही, हे आम्हाला साठी उलटल्यावर कळले. भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, साबुदाणा यांतील पिठूळ भागाला कर्बोदके म्हणतात. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. गव्हाचेही तसेच, बाजरीत थोडी कमी, तांदळात थोडी अधिक. आपल्याकडे शाळूची भाकरी चांगली परातीएवढी असते. एका मोठ्या भाकरीला १०० ग्रॅम पीठ सहज लागते. म्हणजे ‘ज्वारी मधुमेहाला चालते’ असे म्हणून दोन भाकऱ्या खाल्ल्या की १४० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली. त्यात दोन वाट्या भाताची ८०, पोह्यांची ४५, चहातल्या साखरेची ३५ आणि बिस्किटांची २५-३० मिळवा. बेरीज सव्वातीनशेच्या वर जाते. आम्ही स्वतःला अल्पाहारी समजत होतो!

गैरसमजही पुष्कळ होते. ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो’ असे आमच्यापैकी एकजण अभिमानाने सांगत. ऊसपट्ट्यातली माणसे आपण, गूळ आणि साखर एकाच रसाची दोन रूपे आहेत हे आपल्याला कोणी सांगायला नको. रक्तात गेल्यावर दोहोंत विशेष फरक राहत नाही. तासगावचा बेदाणा पौष्टिक खरा, पण मूठभर बेदाण्यात वीसएक ग्रॅम साखर असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. हळदीचे पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांवर विसंबून गोळ्या सोडणारेही आम्ही पाहिले आहेत. सांगलीची हळद भाजीत घालावी, गोळीच्या जागी घालू नये.

हा प्रश्न आम्हा तिघांपुरता नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या आधारे २०२२ साली अभ्यासकांनी असे मांडले की, भारतीय माणसाच्या आहारातील ऊर्जेचा साठ टक्क्यांहून अधिक भाग कर्बोदकांतून येतो. नव्याने मधुमेह झालेल्यांनी तो निम्म्याच्या आसपास आणला आणि प्रथिने वाढवली, तर आजार मागे हटण्याची शक्यता वाढते. म्हणजे भाकरी अजिबात सोडायची नाही, तिचा वाटा कमी करायचा आहे.

आता एक मनातली गोष्ट बोलतो. आपल्या माणसाला ‘भाकरी कमी खा’ म्हणणे सोपे नाही. आम्ही १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आहोत. माण, खटाव, जत, आटपाडीकडची माणसे खडी फोडायला गेली. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी यांवर लेकरे जगली. त्याआधीच्या पिढीने तर शिळ्या तुकड्यासाठी दारोदार जाण्याची वेळ सोसली. ज्या घराने भाकरीची वाट पाहिली, त्या घरात भरल्या ताटातली भाकरी बाजूला सारणे हा अपराध वाटतो. आमच्यातले एकजण कित्येक दिवस अर्धी भाकरी परत डब्यात ठेवताना आईची आठवण काढून गप्प होत. परंतु आपल्या वाडवडिलांनी भुकेशी झुंज दिली ती आपण धडधाकट जगावे म्हणून. आपले पाय कापले जावेत, डोळे जावेत, मूत्रपिंडे निकामी व्हावीत म्हणून नव्हे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असाच जड पोटाने धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही की भात वर्ज्य करायला सांगितले नाही. जाणीवपूर्वक प्रमाणात खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. मध्यम मार्गाचा याहून घरगुती दाखला आम्हाला ठाऊक नाही. यात ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो आम्ही विसरलो आणि त्याची शिक्षा भोगली, ती आता सांगतो.

भाकरी कमी करायची असे ठरताच आमच्या सांगलीच्या सहकाऱ्यांनी एका दिवसात ती बंदच केली. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखीच घेतली. सकाळी दही आणि काकडी खाऊन ते कराडला यायला गाडीत बसले. पेठ नाक्याच्या पुढे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या प्रवाशांना वाटले, हा सकाळी सकाळी पिऊन आला आहे. कोणी हसले, कोणी सरकून बसले. कॉलेजला निघालेल्या एका मुलीने ओळखले, कारण तिच्या आजीला असेच होई. तिने पिशवीतल्या चॉकलेटच्या गोळ्या त्यांच्या तोंडात घातल्या. ती मुलगी त्या गाडीत नसती तर आज आम्ही दोघेच इथे आलो असतो.

म्हणून पदार्थांआधी चार सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. त्या कृपया लिहून घ्याव्यात.

पहिली : ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भात-भाकरी कमी करू नये. आहार बदलला की औषधाची मात्राही बदलावी लागते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तरीही आधी विचारावे, कारण कर्बोदके फारच कमी केल्यास रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका असतो.

दुसरी : साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, भोवळ जाणवली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे नसल्यास पुन्हा घ्यावी. खिशात साखरेची पुडी आणि ‘मला मधुमेह आहे’ अशी चिठ्ठी असावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे.

तिसरी : मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळी, सोयाबीन, पनीर वाढवण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आधीच वजन फार घटलेल्यांनीही स्वतःच्या मनाने हे करू नये.

चौथी : शाकाहारी माणूस वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत असेल तर त्याच्या शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येतात त्या दर वेळी मधुमेहाच्याच असतात असे नाही. बी-१२ तपासून घ्यावे.

आता स्वयंपाक. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. ज्यांना अंडी-मासळी चालते त्यांचे काम आणखी सोपे. आमचे साहित्य म्हणजे एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, एक कढई आणि एक वाटी. वजनकाटा नाही, पोळपाट नाही. भाकरी आम्हाला आजही थापता येत नाही, ती शेजारच्या ताईंकडून विकत घेतो, पण आता मध्यम आकाराची, म्हणजे साठएक ग्रॅम पिठाची, दिवसाला एकच. अर्धी दुपारी, अर्धी रात्री.

पहिला पदार्थ, मोड आलेली मटकी. अर्धी वाटी मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी मोड येतात. कुकरच्या एका डब्यात ती, दुसऱ्यात भाजी, आणि एक शिट्टी. वर कांदा, मीठ, लिंबू. म्हाताऱ्या पोटाने मोड कच्चे खाऊ नयेत, वाफवून खावेत. कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही चालेल, पण तो रात्रभर भिजवून, पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेल्या घेवड्याने पोट बिघडते. उसळीतही कर्बोदके असतात, म्हणून एका वेळी एकच वाटी.

दुसरा, सोयाबीनच्या वड्या. कृष्णाकाठी आज सोयाबीन सगळीकडे दिसते, पण आपल्या ताटात ते क्वचित येते. मूठभर, म्हणजे तीसएक ग्रॅम वड्या दहा मिनिटे उकळायच्या, गार झाल्या की पिळायच्या आणि कांदा-टोमॅटोत परतायच्या. यात पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके दहाच्या आसपास.

तिसरा, पिठले. बेसन आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओतायचे. गरम पाण्यात कालवले की गुठळ्या होतात, हे आम्ही तीनदा शिकलो. त्यात मूठभर मेथी किंवा कांद्याची पात टाकली की भाजी वेगळी करावी लागत नाही.

चौथा, घरचे पनीर. अर्धा लिटर दूध उकळून त्यात एक लिंबू पिळायचे आणि फडक्यातून गाळायचे. दोन दिवस पुरते. मीठ-मिरपूड लावून तसेच खाता येते.

पाचवे, ज्याला शेगडीच लागत नाही ते : दही, काकडी, मुळा, कच्ची मेथी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे. आपल्या गावाकडे शेतावर कच्ची मेथी आणि कांदा खाणे नवे नाही. शेंगदाणे दिवसाला दोन मुठी पुरेत. काळपट, कडवट दाणे टाकून द्यावेत.

भाज्या चिरता येत नसतील तर हाताने मोडता येणाऱ्या आणाव्यात. फ्लॉवर, गवार, घेवड्याच्या शेंगा, मेथी, शेपू यांना सुरी लागत नाही. मधुमेहाने बोटे बधिर झालेली असतात, चटका बसलेला कळत नाही. म्हणून भांडे गरम आहे का हे हाताने पाहू नये, नेहमी सांडशी वापरावी. नजर कमी असेल तर मीठ आणि खायचा सोडा एकाच आकाराच्या डब्यांत ठेवू नयेत. याचाही अनुभव आम्ही घेतला आहे.

एका दिवसाचा हिशेब असा : एक मध्यम भाकरी, एक वाटी उसळ, एका वेळी सोयावड्या, एका वेळी पिठले, दोन वाट्या दही, थोडे पनीर, दोन मुठी शेंगदाणे, पोटभर पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा. यात कर्बोदके १३० ते १४० ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने ६० ते ६५ ग्रॅम होतात. जेवताना आधी भाजी-उसळ खावी, भाकरी शेवटी. त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवण झाले की लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे. घरी साखर तपासायचे यंत्र असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासून वहीत लिहावे. कोणता पदार्थ आपल्याला झेपतो हे ती वही सांगते. आम्हाला वहीने शिकवले की सकाळचे पोहे एकालाही झेपत नाहीत.

आम्ही हे एकदम केले नाही. गाडीतल्या प्रसंगानंतर तिघेही डॉक्टरांकडे गेलो, गोळ्यांची मात्रा कमी करून घेतली आणि आठवड्याआठवड्याने भाकरीचा चतकोर कमी केला. आठ महिन्यांनी दोघांचे एचबीएवनसीचे आकडे सातच्या आसपास आले. तिसऱ्यांचा आकडा आठवर अडला आहे. त्यांच्या गोळ्या वाढवाव्या लागल्या. त्यांनी काही कमी पथ्य केले असे नाही, आजार जुना आहे. म्हणून कोणाचीही साखर वाढली की ‘पथ्य पाळत नाही’ असे म्हणून त्याला लाजवू नये, ही विनंती.

शेवटी मंडळाला तीन सूचना करून आम्ही आमचे भाषण संपवतो. एक, विहारातील कार्यक्रमांत बुंदी आणि बिस्किटांच्या जोडीला उकडलेल्या शेंगा आणि ताक ठेवावे. दोन, एकटे राहणाऱ्या वृद्धांची गल्लीवार यादी करून आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्याकडे डोकावावे. गोळी घेऊन उपाशी बसलेला माणूस शेजाऱ्यालाच आधी कळतो. तीन, आणि ही सर्वात महत्त्वाची : आपल्या मुलांना, मुलींना नव्हे, मुलांना स्वयंपाक शिकवावा. आमच्या पत्नींनी आयुष्यभर आम्हाला जेवू घातले. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांच्यासाठी पेजेची वाटी करणेदेखील आम्हाला जमले नाही. ही खंत या पदार्थांनी भरून निघणार नाही. तथापि आमचे एक सहकारी आज सकाळी इथे येण्यापूर्वी पत्नीला स्वतःच्या हातचे पिठले भरवून आले आहेत. गुठळ्या नव्हत्या, असे त्या म्हणाल्या.